घडीच्या चाकूचं म्हातारपण

बदलापूरजवळच्या सोनिवलीत जून ते सप्टेंबर हवा ओलीच असते. अंगणातले कपडे वाळत नाहीत, मीठ पाणावतं. लाकडी मुठीचा चाकू या दिवसांत फुगतो आणि आपलं दुखणं लगेच दाखवतो. धातूच्या मुठीचा घडीचा चाकू वरून ठणठणीत दिसतो, म्हणूनच त्याच्याकडे दुर्लक्ष होतं.

आधी मूठ पाहू, कारण लोक तिचीच काळजी करतात. पितळेची मूठ घेऊ. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. पोलादापेक्षा बरंच मऊ. खिशात त्याच्या सोबतीला नाणी असतात. आपली एक-दोन रुपयांची नाणी स्टेनलेस स्टीलची, पितळेहून कठीण. चालताना ती मुठीवर घासतात. सुरुवातीला एकेक चरा डोळ्यांत खुपतो. पुढे चऱ्यांवर चरे पडून सगळी मूठ मंद, एकसारखी दिसू लागते आणि कोपरे गोलावतात. घामातल्या मिठाने खाचा काळवंडतात, अंगठा टेकतो ती जागा उजळ राहते. यात बिघडत काही नाही. उलट अशी मूठ हाताला नव्यापेक्षा चांगली लागते.

अ‍ॅल्युमिनियमची मूठ वेगळी झिजते. स्विस सैन्याच्या १९६१ च्या चाकूला अशा मुठी होत्या. अशा मुठीवर विजेच्या प्रक्रियेने ऑक्साइडचा कठीण थर चढवलेला असतो. तो बराच टिकतो, पण कडांवर झिजला की आतला पांढरा धातू उघडा पडतो.

पात्याचं पाहायचं तर बदलापूरची जांभळं आठवावीत. साध्या पोलादाच्या पात्याने जांभूळ किंवा कैरी कापली की पातं निळसर काळं पडतं. फळातली तुरट द्रव्यं आणि आंबटपणा लोखंडाशी मिळून हा डाग तयार करतात. तो खरवडू नये. धुऊन पुसलेल्या पात्यावरचा हा पातळ काळा थर पुढच्या गंजाला थोडाफार अडवतो. नारिंगी, भुसभुशीत, बोटाला लागणारा थर मात्र गंज. तो लगेच काढायचा. स्टेनलेस पात्यावर क्रोमियमच्या ऑक्साइडचा अदृश्य थर असतो, पण मिठाच्या पाण्यात पडून राहिलं तर त्यालाही बारीक खड्डे पडतात.

खरं म्हातारपण सांध्यात असतं. पातं ज्या खिळ्यावर फिरतं तिथे ओल शिरते आणि तिला बाहेर पडायला वाट नसते. पितळ आणि पोलाद ओलाव्यात एकमेकांना चिकटून असले की पोलाद आधी गंजतं. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, म्हणून पातं जड उघडायला लागतं. मग माणूस जोर लावतो, वाळूचे कण आत घासले जातात, आणि घट्ट चाकू हळूहळू सैल होतो. पात्याने डबा उचकटला की खिळ्याचं भोक लांबट होतं. ही झीज मात्र भरून येत नाही. पात्याच्या मुळाशी मिटताना आत टेकणारा एक उंचवटा असतो. तो झिजला की पातं जास्त आत बसतं आणि धार आतल्या कमानीवर, म्हणजे स्प्रिंगवर, आपटते. मधेच एका जागी धार बोथट होत असेल, तर धार लावणाऱ्याला दोष देण्याआधी हे पाहावं.

उपाय साधा आहे. पावसाळ्यात चाकू चामड्याच्या पाकिटात ठेवू नये. चामडं ओल धरून ठेवतं आणि पितळेवर हिरवट थर चढतो. फळ कापून झालं की धुवावा, उघडाच वाळवावा, सांध्यात शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब सोडून चार-पाच वेळा उघडमीट करावी आणि बाहेर आलेलं काळं तेल पुसून टाकावं. पुन्हा फळ कापण्याआधी पातं धुऊन घ्यावं. खोबरेल तेल घरात असतंच, पण ते थंडीत थिजतं आणि जुनं झालं की चिकट होऊन धूळ धरतं. चिंच-मिठाने मूठ घासायची हौस असेल, तर आंबट पाणी खिळ्यापर्यंत जाऊ देऊ नये. मूठ काळी राहिली तरी चालेल.