खेळांचा नकाशा : कुणाशी जिंकलात, कुणाशी हरलात

राष्ट्रकुल स्पर्धांमधल्या टेबल टेनिसचा हिशेब आधी पाहू. २०१८ साली गोल्ड कोस्टला पुरुष आणि महिला, दोन्ही सांघिक सुवर्णं आपली, वर मनिका बत्राचं एकेरीतलं सुवर्ण. २०२२ साली बर्मिंगहॅमला शरथ कमलने एकेरी जिंकली, पुरुष संघ पुन्हा अव्वल ठरला आणि श्रीजा अकुलासोबत शरथने मिश्र दुहेरीही खिशात घातली. या सोन्याच्या राशीशेजारी आशियाई अजिंक्यपद स्पर्धेतली कमाई ठेवली तर ती किरकोळ वाटेल. पुरुष संघाला २०२१ ला दोह्यात, २०२३ ला प्योंगचांगला आणि २०२४ ला अस्तानात कांस्य. महिला संघाला अस्तानातच एक कांस्य. तरीही महिलांचं हे एक कांस्य मी राष्ट्रकुलातल्या कोणत्याही सांघिक सुवर्णापेक्षा मोठं मानतो. कोल्हापूरकरांना हे पटायला जड जाऊ नये. खासबागेत पैलवानाची किंमत त्याने किती कुस्त्या मारल्या यावर ठरत नाही. जोड कुणाशी लागली होती, हे आधी विचारलं जातं. गणपतराव आंदळकरांनी १९६२ च्या जकार्ता आशियाई खेळांत मिळवलेलं सुवर्ण या शहराने एवढं जपलं, त्यामागेही हीच पारख आहे.

टेबल टेनिसमध्ये अस्सल जोड कुठे मिळते, ते ऑलिंपिकच्या आकड्यांवरून कळतं. हा खेळ १९८८ साली सोलमध्ये ऑलिंपिकमध्ये आला. तेव्हापासून २०२४ च्या पॅरिसपर्यंत त्यात ४२ सुवर्णपदकं दिली गेली. त्यांतली ३७ चीनची, ३ दक्षिण कोरियाची, १ जपानचं. आशियाबाहेर गेलेलं एकच : १९९२ साली बार्सिलोनात स्वीडनच्या यान-ओवे वाल्डनरने जिंकलेली पुरुष एकेरी. महिला एकेरीत तर चीनखेरीज कुणाला सुवर्णाला हातच लावता आलेला नाही. आता राष्ट्रकुलाच्या यादीवरून नजर फिरवा. चीन नाही, जपान नाही, दोन्ही कोरिया नाहीत, तैवान नाही. सिंगापूर, इंग्लंड, नायजेरिया हे तगडे संघ आहेत, त्यांना कमी लेखायचं कारण नाही. पण जगातले पहिल्या फळीतले बहुतेक संघ ज्या दालनात खेळतात, त्या दालनाचं दार राष्ट्रकुलात उघडतच नाही. आपण आशियात जन्मलो ही या खेळापुरती आपली अडचण आहे, असं काही जण म्हणतात. मला तीच आपली संधी वाटते, कारण सर्वोत्तमांशी गाठ पडायला आपल्याला ऑलिंपिकची वाट पाहावी लागत नाही.

मात्र हेच माप आपल्याच पदकांनाही लावायला हवं. उपांत्य फेरीत हरणाऱ्या दोन्ही संघांना आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत कांस्य मिळतं, म्हणजे उपांत्यपूर्व लढत जिंकली की पदक पक्कं. दोह्यातलं पुरुषांचं पदक १९७६ नंतरचं पहिलं म्हणून गाजलं आणि ते गाजायलाच हवं होतं. पण तिथे चीनचा संघ उतरलाच नव्हता, आपण इराणला हरवून पुढे गेलो आणि दक्षिण कोरियाकडून ३-० असे हरलो. अस्तानात पुरुषांनी उपांत्यपूर्व फेरीत कझाकस्तानला हरवलं. ही पदकं खरी आहेत, पण वजनाने हलकी आहेत. महिलांची गोष्ट निराळी. त्यांच्यासमोर दक्षिण कोरिया होता, दोनच महिन्यांपूर्वी पॅरिसमध्ये ऑलिंपिकचं सांघिक कांस्य जिंकून आलेला. आयहिका मुखर्जीने शिन युबिनला हरवलं, मनिकाने जिऑन जिहीला. पुढच्या दोन लढती कोरियाने जिंकून २-२ अशी बरोबरी साधली. निर्णायक पाचव्या लढतीत पुन्हा आयहिकाच जिऑनपुढे उभी राहिली आणि जिंकली. उपांत्य फेरीत जपानने आपल्याला ३-१ असं रोखलं. आशियाई टेबल टेनिस युनियन १९७२ साली स्थापन झाल्यापासून भारताच्या महिला संघाचं हे पहिलंच पदक.

यावर एक आक्षेप हमखास येतो : आयहिका बॅकहँडला निराळ्या जातीचं, समोरच्याची फिरकी मारून टाकणारं रबर वापरते, तेव्हा हा बॅटचा चमत्कार. या आक्षेपाचं उत्तर मुंबईत आहे. फेब्रुवारी १९५२ मध्ये तिथे जागतिक अजिंक्यपद स्पर्धा झाली, आशियातली पहिलीच. हिरोजी सातो हा चष्मा लावणारा जपानी खेळाडू जाड स्पंज चिकटवलेली बॅट घेऊन आला. दाणेदार रबरावर चेंडू आपटला की टक् असा आवाज यायचा आणि फटका किती जोराचा, हे समोरच्याला कानानेही कळायचं. स्पंजने तो आवाज गिळून टाकला. सातो विश्वविजेता झाला, सातपैकी चार विजेतेपदं जपानने नेली आणि युरोपात कुरकुर सुरू झाली. स्पंज हेच गुपित असतं, तर इतरांनी तो उचलल्यावर जपान मागे पडायला हवा होता. प्रत्यक्षात १९५४ ते १९५७ अशी सलग चार वर्षं पुरुष एकेरी जपानच्याच ओगिमुरा आणि तनाका या दोघांनी आलटूनपालटून जिंकली. १९५९ साली रबर आणि स्पंजच्या जाडीवर नियम आले, त्याच वर्षी रोंग ग्वोत्वान हा चीनचा पहिला विश्वविजेता ठरला. आणि आज तर लपवायला जागाच उरलेली नाही. बॅटच्या दोन बाजू वेगळ्या रंगांच्या हव्यात, सामन्याआधी प्रतिस्पर्ध्याला बॅट हातात घेऊन पाहता येते. आयहिकाचं रबर शिनला माहीत होतं. माहीत असलेल्या रबरापुढे कोरियाच्या दोन ऑलिंपिक पदकविजेत्या एकाच दिवशी अडखळतात, तेव्हा श्रेय ते कधी आणि कसं वापरायचं हे जाणणाऱ्या हाताला द्यायला हवं.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि तो मला निम्मा मान्य आहे. राष्ट्रकुलाच्या पदकाने खेळाडूला नोकरी मिळते, नाव होतं, घरच्यांचा विरोध मावळतो. ते पदक हलकं म्हणणं अन्यायाचं नाही का? खेळाडूचा सन्मान, बक्षीस, नोकरी यांत कपात करा, असं मी म्हणतच नाही. माझी तक्रार आपल्या मोजणीबद्दल आहे. संघनिवड, सरावाचं वेळापत्रक, प्रशिक्षकांचं मूल्यमापन राष्ट्रकुलातल्या सुवर्णांवर बेतलं, तर आपण सोप्या जोडीची तयारी करू. अस्तानाला गेलेल्या संघात मुंबईची दिया चितळेही होती. अशा मुलींची प्रगती पाहायची तर पदकांच्या रकान्याशेजारी आणखी दोन रकाने हवेत : कुणाला हरवलं, कुणाकडून किती गेममध्ये हरली. जिल्हा आणि राज्य संघटनांना हे आजपासून करता येईल, आणि वर्तमानपत्रांच्या क्रीडा पानांनाही.