तांबड्या अक्षरांचे भय

कुवेतच्या वायव्य वाळवंटातील मित्रिबाह या ठाण्यावर २१ जुलै २०१६ रोजी ५३.९ अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले आणि २०१९ मध्ये जागतिक हवामान संघटनेने त्या नोंदीवर रीतसर शिक्कामोर्तब केले. समजा, संख्याशास्त्राच्या एखाद्या विद्यार्थिनीस अशाच ठाण्याच्या जुलै महिन्याची सरासरी काढावयास सांगितली आहे आणि एका दिवसाची नोंद दफ्तरी नाही. कागदावर हा हिशेब ती सहज उरकील. परंतु ‘आर’ या संगणकभाषेत सरासरीची आज्ञा देताच पडद्यावर आकड्याऐवजी ‘एन ए’, म्हणजे ‘उपलब्ध नाही’, एवढीच दोन अक्षरे उमटतात. गहाळ नोंद वगळण्याची मुभा देण्यासाठी ती आज्ञेत ‘ट्रू’ हा इंग्रजी शब्द घालते. पण तो मोठ्या लिपीतच लिहावा लागतो हे ध्यानात न राहिल्याने तिने लहान लिपी वापरलेली असते, आणि त्या नावाची वस्तू सापडत नाही असा तांबडा शेरा समोर येतो. वाळवंट, उष्मा, सरासरी सारे बाजूस राहते आणि ‘हे आपल्याच्याने होणार नाही’ हा एकच विचार मनाचा कब्जा घेतो.

१९६६ साली स्थापन झालेल्या कुवेत विद्यापीठात संख्याशास्त्र आणि संक्रिया संशोधन यांचा एकत्रित विभाग आहे. तेथील विज्ञानशाखेचे अध्यापन इंग्रजीतून चालते. त्यामुळे सरकारी शाळेत अरबीतून, उजवीकडून डावीकडे लिहीत गणित शिकलेल्या मुलीवर नवा विषय, परकी भाषा आणि त्याहून परकी संगणकभाषा अशा तिन्ही गोष्टी एकदमच येऊन पडतात. कुवेतमधील सालमिया किंवा अब्बासिया या भागांतल्या भारतीय शाळांतून शिकून पदवीसाठी पुण्या-मुंबईस जाणाऱ्या आपल्या मराठी मुलांना इंग्रजीची अडचण नसते. तांबड्या शेऱ्याची धास्ती मात्र त्यांनाही तितकीच असते.

क्रूझ, कॅश व बोल्टन या संशोधकांनी १९८५ मध्ये संख्याशास्त्राविषयीची चिंता मोजण्यासाठी जी प्रश्नावली सिद्ध केली, तीत परीक्षेच्या भयाबरोबरच मदत मागण्याचे भय आणि शिक्षकांचे भय यांनाही स्वतंत्र स्थान दिले आहे. मला यांतले मदत मागण्याचे भय सर्वांत घातक वाटते, कारण एका लिपीच्या चुकीपायी विद्यार्थी तासन् तास एकटा झुरतो, शेजाऱ्यास विचारीत नाही आणि अखेरीस दुसऱ्याची आज्ञावली जशीच्या तशी उतरवून मोकळा होतो.

आणि ज्या भाषेची ही दहशत, ती मुळात विद्यार्थ्यांसाठीच जन्मास आली! न्यूझीलंडमधील ऑकलंड विद्यापीठाचे रॉस इहाका आणि रॉबर्ट जेंटलमन यांनी १९९० नंतरच्या काही वर्षांत आपल्या विद्यार्थ्यांना शिकविण्यासाठी तिची उभारणी केली, ती सर्वांस विनामूल्य खुली केली आणि २९ फेब्रुवारी २००० रोजी तिची पहिली पूर्ण आवृत्ती प्रसिद्ध झाली. तिचे शेरे म्हणजे विद्यार्थ्याच्या बुद्धीवर दिलेला निवाडा नव्हे. कचेरीतील दक्ष कारकुनाने सही राहिलेला अर्ज त्रुटी दाखवून परत करावा, तसेच त्यांचे स्वरूप असते. ‘एन ए’ हे उत्तर तर अपयशाचे नव्हेच, सचोटीचे आहे: एक नोंद गहाळ असताना महिन्याची सरासरी मी परस्पर ठरविणार नाही, त्या नोंदीचे काय करावयाचे ते तुम्हीच सांगा, असे यंत्र बजावीत असते. ती नोंद का गहाळ झाली, उपकरण अति उष्म्यानेच बंद पडले काय आणि तसे असल्यास तो दिवस वगळणे न्याय्य ठरेल काय, हा विचार हेच खरे संख्याशास्त्र होय, आणि त्यासाठी लागणारी बुद्धी त्या भेदरलेल्या मुलीपाशी पुरेपूर असते.

म्हणून अध्यापकांस माझी विनंती आहे की, पहिल्याच तासास वर्गासमोर एखादी आज्ञा मुद्दाम चुकवावी, आलेला शेरा मोठ्याने वाचावा आणि सर्वांच्या देखत ती दुरुस्त करावी. प्रारंभीच्या परीक्षांत आज्ञा पाठ म्हणवून घेऊ नयेत, टिपणवही जवळ बाळगू द्यावी. आणि परगावी शिकणाऱ्या मुलाचा रात्री फोन आला, तर आईबापांनी गुणांची चौकशी करण्यापूर्वी, आज कोठे अडले आणि कोणाला विचारलेस, एवढे तरी अवश्य विचारावे.