बारीक पार्ट हाताने बसवताय? चिमट्याऐवजी हवेने उचला!

तुमच्या फोनच्या मदरबोर्डवर शेकडो बारीक पार्ट असतात, काही तर मिठाच्या कणाएवढे. फॅक्टरीत ते चिमट्याने बसवत नाहीत. पिक अँड प्लेस मशीन प्रत्येक पार्ट वरून हवेने ओढून उचलतं आणि जागेवर ठेवतं.

नवी मुंबईत महापे एमआयडीसीत इलेक्ट्रॉनिक्ससाठी वेगळा झोनच आहे. पण फायनल इयर प्रोजेक्टसाठी दोनच बोर्ड हवे असतील तर? मशीनवर प्रत्येक पार्टची पट्टी फीडरला चढवा, प्रोग्रॅम सेट करा... दोन बोर्डांसाठी हे परवडत नाही. अशा वेळी मशीनचीच युक्ती हातात घ्यायची: व्हॅक्यूम पिक-अप पेन.

चिमट्याने काय बिघडतं?

०६०३ साइजचा रेझिस्टर फक्त १.६ × ०.८ मिमी असतो. चिमट्याने जरा जास्त दाबला की टुणकन उडतो आणि फरशीवर पडला की शोधत बसा. चिमट्याची टोकं शेजारची सोल्डर पेस्टही फासतात, मग दोन पॅड जोडले जाऊन शॉर्ट होतो. लॅमिंग्टन रोडवरून एकच मायक्रोकंट्रोलर आणलाय आणि त्याचा एक पाय वाकला, तर पुन्हा ग्रँट रोडची फेरी!

हवा पार्ट कसा उचलते?

आपल्याभोवतीची हवा प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर साधारण १ किलो वजनाइतका दाब देते. सुईच्या आतली हवा कमी केली की बाहेरची हवा पार्टला सुईकडे ढकलते. सुईचं छिद्र ०.५ मिमी आणि आतला दाब फक्त एक पंचमांश कमी धरला, तरी सुमारे ४०० मिलिग्रॅम पेलतं. ०६०३ रेझिस्टरचं वजन असतं साधारण २ मिलिग्रॅम!

कोणतं घ्यायचं?

- रबरी फुग्याचं पेन: स्वस्त, पण हवा हळूहळू आत शिरते आणि पार्ट सुटतो. मोजक्या पार्टसाठी ठीक.
- पंपवालं पेन: पकड टिकते. हँडलवरच्या छिद्रावर बोट ठेवलं की पार्ट उचलतो, बोट काढलं की सुटतो.

फिश टँकच्या पंपातल्या झडपा उलट्या बसवूनही काहीजण असा पंप घरी बनवतात. तो उघडण्याआधी प्लग मात्र काढलेलाच हवा.

वापरताना

१. आधी पंखा बंद करा. २ मिलिग्रॅमच्या पार्टला तेवढी झुळूकही पुरते.
२. सुईचं छिद्र पार्टच्या रुंदीपेक्षा लहान हवं. मोठ्या चिपसाठी सिलिकॉनचा कप लावा.
३. पार्ट मधोमध पकडा, दिशा जुळवा. एलईडी आणि डायोडची खूण तपासा.
४. पेस्टवर हलकेच टेकवा, मग हवा सोडा. पेस्टचा चिकटपणा पार्ट धरून ठेवतो. जोरात दाबलंत तर पेस्ट बाहेर पसरेल.
५. पेस्ट सुईत गेली की पकड सुटते. आयसोप्रोपिल अल्कोहोलने सुई साफ करा.
६. चिप हाताळताना अँटिस्टॅटिक रिस्ट स्ट्रॅप घाला.

चिमटा फेकू नका

पेनला वरचा भाग सपाट लागतो. गोल नळीसारखे डायोड निसटतात, तिथे चिमटाच बरा. वाकडा बसलेला पार्ट सरळ करायलाही तोच लागतो. बाकी पार्टसाठी एका हातात पेन, दुसऱ्या हातात पार्टची यादी ठेवा आणि बसवलेल्या प्रत्येक पार्टवर टिक करत जा.