रस्टची दहा वर्षं आणि ‘खामगाव’ची लांबी

रस्ट या भाषेची १.० आवृत्ती १५ मे २०१५ रोजी आली. सी++च्या तोडीचा वेग, आणि मेमरीच्या चुका कंपाइल होतानाच अडवण्याची हमी. डिसेंबर २०२२ मध्ये ती लिनक्सच्या कर्नेलमध्ये पोचली. मला मात्र मोल वाटतं ते रोजचे बारीक प्रश्न तिने कसे सोडवले याचं.

फंक्शनमधली चूक वर कशी पाठवायची? आधी त्यासाठी ‘ट्राय!’ हा मॅक्रो होता. एकात एक असे तीन आले की ओळ वाचवत नसे. नोव्हेंबर २०१६ मध्ये तिथे नुसतं प्रश्नचिन्ह आलं. मेमरीचा वापर तपासणारा बॉरो चेकर नवशिक्यांना रडवायचा, त्याच्या समाधानासाठी जास्तीचे महिरपी कंस घालावे लागत. २०१८ च्या एडिशनने, म्हणजे भाषेच्या नियमांच्या नव्या संचाने, तो जाच बराच कमी केला. नवी एडिशन आली तरी जुन्या एडिशनमधला कोड चालतच राहतो. भाषेचा हा सर्वांत शहाणा निर्णय, असं माझं ठाम मत आहे.

कोड लिहिण्याच्या संकेतांचं श्रेय क्लिपी या तपासनीसाला. आयआयटी मुंबईत शिकत असताना मनीष गोरेगावकर यांनी हे साधन १.० च्याही आधी सुरू केलं. यादीची लांबी शून्याशी ताडून पाहिली, की क्लिपी ‘इझ_एम्प्टी’ वापरायला सांगतं, आणि का तेही सांगतं. आज त्यात साडेसातशेहून अधिक नियम आहेत. खामगावहून शेगावच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात जाणाऱ्या मुलामुलींना शेजारी जाणकार नसला, तरी हा शिक्षक फुकट मिळतो.

एक प्रश्न मात्र थेट आपल्या लिपीचा. ‘खामगाव’ची लांबी किती? रस्टचं ‘लेन’ सांगतं १८, कारण ते बाइट मोजतं. ‘चार्स’ने मोजलं तर ६, कारण काना वेगळा धरला जातो. पहिले तीन बाइट कापून घेतले तर काना गळून नुसता ‘ख’ उरतो. एकच कापू पाहिला तर प्रोग्राम तिथेच थांबतो. आपण मोजतो ती चार अक्षरं हवी असतील, तर युनिकोड-सेगमेंटेशन हे क्रेट, म्हणजे रस्टचं बाहेरचं पॅकेज, जोडावं लागतं, प्रमाण लायब्ररीत ती सोय नाही. जोडाक्षरांचं दुखणं तर त्याहून जुनं: सप्टेंबर २०२३ च्या युनिकोड १५.१ पर्यंत ‘महाराष्ट्र’चे सहा तुकडे पडत, नव्या नियमाने चार पडतात. म्हणून मतदार यादी असो की बाजार समितीची पावती, मराठी नावं कापणाऱ्या प्रोग्रामने त्या क्रेटची नवी आवृत्तीच घ्यावी.