सीमेपार काय जाते? जामखेडच्या प्रशिक्षणाचा धडा

प्रशिक्षण देणारी संस्था परदेशात वाढते, तेव्हा नेमके काय वाढते? शाखा, प्रमाणपत्रे, की शिकवण्याची रीत? आपल्या नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यात या प्रश्नाची दोन वेगळी उत्तरे पाहायला मिळतात.

पहिले फिजिओथेरपीचे. लोणीला आणि नगरजवळ विळद घाटात फिजिओथेरपीची महाविद्यालये आहेत. तेथील पदवीधराला परदेशात काम करायचे तर त्या देशाची नियामक संस्था त्याची पदवी पुन्हा तपासते. अनेक ठिकाणी परीक्षाही द्यावी लागते. गुडघा सगळीकडे सारखाच, परवाना मात्र सीमेवर अडतो. माणूस बाहेर जातो, त्याला घडवणारी संस्था जागेवरच राहते.

दुसरे उत्तर जामखेडचे. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने १९७० मध्ये या अवर्षणग्रस्त भागात आरोग्य प्रकल्प सुरू केला. गावांनी निवडलेल्या बायका, त्यांतल्या कित्येक निरक्षर, आरोग्यसेविका झाल्या. त्यांचे शिक्षण एका शिबिरात उरकले नाही. दर आठवड्याला त्या जामखेडला येत, गावातल्या अडचणी मांडत, नवे शिकून परतत. प्रकल्पाच्या नोंदींनुसार १९७१ मध्ये हजार जन्मांमागे १७६ बालके दगावत. १९९०च्या दशकात हा आकडा तिसाच्या खाली आला.

जागतिक आरोग्य संघटनेच्या १९७५च्या एका ग्रंथात जामखेडवर प्रकरण आले. १९७९ मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. एवढे नाव होऊनही त्यांनी देशोदेशी शाखा काढल्या नाहीत. प्रशिक्षण संस्था जामखेडलाच उभी केली आणि जगाला तिथे बोलावले. परदेशी डॉक्टर आणि कार्यकर्ते त्या सेविकांकडून शिकून आपापल्या देशी परतले.

या रीतीतले मर्म जयपूर फूटमध्ये दिसते. जामखेडलाही कृत्रिम पाय बनवण्याची कार्यशाळा चालली. बूट घालून चालण्यासाठी घडवलेला पाश्चात्त्य पाय आपल्याकडच्या, मांडी घालून बसणाऱ्या आणि अनवाणी चिखल तुडवणाऱ्या माणसाला पुरेना, म्हणून जयपूर फूट जन्मला. पाय बसवल्यावर चालण्याचा सराव शिकवणाऱ्यालाही हेच आधी विचारावे लागते: इथली माणसे बसतात कशी, उठतात कशी, कामाला जातात कुठे? हा प्रश्न कोणत्याही देशात नेता येतो. त्याचे उत्तर मात्र तिथल्याच माणसांकडून घ्यावे लागते.

या मार्गात धोकाही आहे. शाखा नसली की ताबाही नसतो. कोणी जामखेडहून फक्त ‘कमी खर्चातली सेविका’ एवढीच कल्पना उचलली आणि दर आठवड्याचे शिक्षण मागे ठेवले, तर त्या बाईवर जबाबदारी पडते, पाठबळ मिळत नाही. म्हणून फिजिओथेरपीची असो वा आरोग्यसेवेची, सीमेपार जाऊ पाहणाऱ्या संस्थेने पहिला खर्च इमारतीवर करू नये. शिकून गेलेल्या माणसाला पुन्हा पुन्हा भेटण्याची सोय आधी करावी.