भुई आणि घर : भोसले घाटाचे जोते

अमेरिकन वास्तुशिल्पी फ्रँक लॉईड राईटने रचलेल्या विलिट्स यांच्या १९०१ सालच्या घराचा नकाशा आज उलगडून दाखवीन असे मागील खेपेस म्हटले होते. परंतु ते घर पुढील आठवड्यावर ढकलणे भाग आहे, कारण राईटच्याच विन्स्लो यांच्या घराचे वर्णन वाचून काशीस दुर्गाघाटावर राहणाऱ्या एका वाचकांनी विचारले आहे की, राईटची घरे जर जमिनीला इतकी बिलगून बसतात, तर आमच्या भोसले घाटावरील वाड्याचा खालचा भाग जवळजवळ कोरा आणि खिडक्या मात्र पार माथ्याशी, असे किल्ल्यासारखे रूप त्याला कशासाठी दिले असावे? त्या वाड्यासमोर नावेत बसून मी कित्येक सकाळी घालविल्या आहेत. हा प्रश्न बाजूस सारणे माझ्याने होणार नाही.

नागपूरकर भोसल्यांनी अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात बांधविलेली इमारत म्हटली की तटबंदीची कल्पना मनात येते, पण तो तट नव्हे. ते जोते आहे. काशीस गंगा उत्तरवाहिनी होते आणि शहराचा पश्चिम काठ तिच्या वळणाच्या बाहेरच्या अंगास येतो. त्यामुळे प्रवाह हा काठ सतत कोरीत राहतो आणि पलीकडे वाळू टाकीत जातो. उन्हाळ्यात पायऱ्यांच्या तळाशी असणारे पाणी श्रावण-भाद्रपदात दहा मीटरांहून अधिक चढते. धोक्याची पातळी समुद्रसपाटीपासून ७१.२६२ मीटर ठरलेली आहे, आणि १९७८ च्या महापुरात पाणी ७३.९०१ मीटरांपर्यंत गेले होते. पुण्याच्या वाड्याला जे जोते दोन-तीन हातांचे पुरते, ते येथे या कारणाने कित्येक पुरुष उंच झाले; ज्याला आपण वाडा म्हणतो तो खरोखर त्या खिडक्यांपाशी सुरू होतो, आणि पूर्वेचे कोवळे ऊनही तेथेच प्रथम पोहोचते.

दगड चुनारचा. चुनार काशीच्या वरच्या अंगास असल्याने भरलेल्या नावा प्रवाहाबरोबर खाली आणता येत. सारनाथचे सिंहशीर्षही याच दगडाचे आहे.

पूर ओसरल्यावर, घाटांवरचा गाळ पंपाच्या धारेने पुन्हा गंगेत ढकलण्याचे काम चालू असताना, मी एकदा त्या भिंतीला हात लावून उभा होतो. माझ्या डोक्याच्या बऱ्याच वर राखी गाळाची एक सरळ रेघ वाळून राहिली होती, तिच्याखाली दगड ओला आणि गार, वर कोरडा. आणि खिडक्या त्या रेघेच्याही पुष्कळ वर. बांधणाऱ्याने पाण्याची चढण आधी पाहिली व मग खिडकीचा उंबरठा ठरविला, याला आणखी पुरावा कशास हवा? अर्थात नुसत्या उंचीने भागत नाही. बायजाबाई शिंद्यांनी १८३० च्या सुमारास बांधविलेला घाट आपल्याच भाराने खचला, आणि शेजारचे रत्नेश्वराचे मंदिर आजही कलून उभे आहे.

आता राईटकडे. विन्स्लो यांच्या १८९३ सालच्या घराला भिंतीच्या पायाशी दगडाचा पुढे आलेला पट्टा आहे, त्यावर घर बैठक मारून बसल्यासारखे दिसते. तोही जोत्याचाच विचार; इलिनॉयच्या सपाट मैदानात तेवढ्या जोत्याने काम होते. पुढे १९१० साली पुऱ्या झालेल्या शिकागोतील रॉबी यांच्या घरात तर त्याने दिवाणखाना आणि भोजनगृह वरच्या मजल्यावर नेले आणि खाली मुलांची खोली व बिलियर्डची खोली ठेविली. विलिट्स यांच्या घराचा नकाशा पुढील आठवड्यात उघडू, तेव्हा वाचकांनी प्रथम त्याच्या तळाची रेघ शोधावी. मग त्या घराच्या चार बाजूंना पसरलेल्या पंखांकडे वळू.