हुलाचं फाटक बंद होतं तेव्हा



२०२१ सालचा डिसेंबर संपत आला होता. आम्हा ज्येष्ठ मंडळींची हुला खोऱ्यात अगूर पाहायला जायची सहल ठरली होती. बस सांगून झाली होती. सांदणं कोणी करायची, बटाट्याची भाजी कोणी आणायची, तेही ठरलं होतं. कोरोनाच्या तीन लसी घेऊन सगळ्या म्हाताऱ्या तयार! आणि अचानक फोन आला. अगमोन हुला बंद. पक्ष्यांना बर्ड फ्लू झालाय.

मग काय विचारता! एक बाई म्हणाल्या, "पक्ष्यांना सर्दी झाली म्हणून माणसांनी घरात बसायचं?" एक काका तर चांगलेच तापले. "लोकांच्या पैशाने राखलेली जागा, आणि लोकांनाच मज्जाव?" मी तेव्हा हसले. पण काकांचा प्रश्न खोटा नव्हता. जागा सगळ्यांची असेल तर ती बंद कधी करायची?

मुलांनो, अगूर म्हणजे आपल्या मराठीतला क्रौंच. करकोचा नव्हे, तो हसिदा. यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकात अगूरचं नाव आलं आहे. उत्तरेकडच्या थंड देशांतून हे पक्षी येतात आणि त्यातले तीस हजारांच्या आसपास हिवाळाभर हुलात राहतात. पूर्वी इथे मोठं तळं आणि दलदल होती. १९५१ ते १९५८ या काळात ती शेतीसाठी उपसून टाकली. थोडा तुकडा राखला, तो १९६४ साली देशातलं पहिलं राखीव निसर्गक्षेत्र झाला. पुढे कळलं की उघडी पडलेली माती वाळून उडून जाते, आतल्या आत धुमसतेसुद्धा. म्हणून १९९४ साली काही भागात पुन्हा पाणी सोडलं. तेच हे अगमोन. माणसाने आधी मोडलं, मग खर्च करून थोडंसं परत बांधलं. म्हणूनच ते जपायची जबाबदारीही आपलीच, असं मला वाटतं.

त्या हिवाळ्यात पाच हजारांहून जास्त अगूर मेले. पांढरे संरक्षक कपडे घातलेले कामगार पाण्यातून मेलेले पक्षी उचलताना आपण टीव्हीवर पाहिले. त्या वेळच्या पर्यावरणमंत्री तामार झँडबर्ग यांनी हा देशाच्या वन्यजीवांवरचा सर्वांत मोठा आघात असल्याचं म्हटलं. मोशावांतल्या लाखो कोंबड्याही माराव्या लागल्या. अशा वेळी आपण आत गेलो तर काय होतं? बुटाला लागलेली विष्ठा दुसऱ्याच्या खुराड्यापर्यंत जाते. माणसं पाहून आजारी पक्षी उडतो आणि दुसऱ्या पाण्यावर जाऊन बसतो. शिवाय हा रोग क्वचित माणसालाही होतो.

मी जन्मभर नर्सचं काम केलं, म्हणून बंद दार कसं असतं ते मला ठाऊक आहे. वर्षं झाली या गोष्टीला. अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या वॉर्डात लहान मुलांना सोडायचं नाही, असा नियम होता. एक दिवस आपल्याच लोकांतली एक आजी पाच वर्षांच्या नातवाला घेऊन आली. त्याला नवी बहीण पाहायची होती. नाक जरासं वाहत होतं. आजी मराठीत म्हणाली, "अगं पोरी, दोनच मिनिटं. तू आपली ना?" परक्या देशात आपली भाषा ऐकली आणि मी विरघळले. दार उघडलं. पाच दिवसांनी शेजारच्या पाळण्यातल्या बाळाला धाप लागली. ऑक्सिजन लावावा लागला. त्या मुलामुळेच झालं, असं कोणी म्हणालं नाही. म्हणताही आलं नसतं. बाळ महिन्याभराने घरी गेलं. पण त्या आईच्या नजरेला नजर द्यायला मला जड जायचं.

म्हणून मी म्हणते, पुरावा हातात येईपर्यंत थांबलं की उशीर होतो. आजार डोळ्यांना दिसतो तोवर तो आत पसरलेला असतो. शंका आली की दार लावावं.

आणि एक पाहा. २०१८ च्या एप्रिलमध्ये नहाल त्झाफीतला अचानक पूर आला आणि दहा तरुण मुलं गेली. हवामानाचा इशारा असतानाही ती ओढ्यात उतरली होती. आता पुराचा इशारा आला आणि दक्षिणेतल्या वाटा बंद केल्या, तर आपण कोणी कुरकुरत नाही. धोका आपल्या लेकरांना असला की आपल्याला चटकन पटतं. पक्ष्यांसाठी बंद केलं की आपल्याला कराचे पैसे आठवतात!

पण काकांची बाजूही मी सोडत नाही. बंद करणाऱ्याने कारण सांगावं आणि कधी उघडणार तेही सांगावं. कोकणात आपण काय पाहिलं? पावसाळ्यात कोळी होड्या वर ओढून ठेवत. दर्या खवळलेला आणि मासळीच्या विणीचे दिवस. पण नारळी पौर्णिमा ठरलेली असे. नारळ सोडला की होड्या पाण्यात. कोणी तक्रार करत नसे, कारण शेवट ठाऊक होता. नुसतं कुलूप लावून गप्प बसलं की लोक कुंपणाखालून आत शिरतात.

शिवाय दरवेळी सगळंच बंद करायला नको. आमच्या वॉर्डात एकेका आईला झगा-मास्क घालून आत घ्यायचोच की. एन गेदीत संध्याकाळ व्हायच्या आधीच माणसांना बाहेर काढतात, म्हणजे रानातल्या जनावरांना निवांत पाण्यावर येता येतं. दिवस आपला, रात्र त्यांची. अगमोनलाही ट्रॅक्टरने ओढायची मोठी गाडी आहे. अगूर ट्रॅक्टरला सरावलेले असतात, त्यामुळे गाडी जवळ गेली तरी ते बिचकत नाहीत. चालत गेलं तर उडतात.

२०२३ च्या फेब्रुवारीत आमची सहल झाली. ते काकाही आले होते. मी नातीला बरोबर नेलं होतं. गाडी पक्ष्यांच्या अगदी मधोमध थांबली आणि चहूकडून असा कलकलाट उठला की माझं ऐकण्याचं यंत्र मला कमी करावं लागलं. नात म्हणाली, "सावता, मी खाली उतरू? फक्त एक मिनिट."

मी तिचा हात घट्ट धरून ठेवला. तिने गाल फुगवले. काकांनी पिशवीतून एक सांदण काढून तिच्या हातावर ठेवलं.